मकल्टनचा अस्सल धनुर्धर

भूतकाळाची सर्वात मोठी अडचण ही, की तो घडत होता तेव्हा आपल्यापैकी एकही माणूस व्यवस्था बघायला तिथे हजर नव्हता. त्यामुळे त्यात फार ढिसाळपणा राहून गेला. लढाईत काय ओरडायचं, कुठल्या पायावर जोर देऊन उभं राहायचं, मरताना कोणत्या कुशीवर पडायचं, कशाचाच कोणाला पत्ता नव्हता. मध्ययुगातली माणसं तर या बाबतीत अगदीच बेफिकीर. आपण मध्ययुगात आहोत याची त्यांना कल्पनासुद्धा नव्हती. हा सगळा गोंधळ निस्तरून मध्ययुग नीट मार्गी लावण्याचं काम आमच्या मकल्टन गावाने अंगावर घेतलं आहे, आणि 'मकल्टन मध्ययुगीन अस्सलता समिती'चा सेक्रेटरी या नात्याने मला कळवायला आनंद वाटतो की ते बरंचसं उरकत आलेलं आहे.

आमचं गाव इंग्लंडातल्या श्रॉपशायरात, वेल्सच्या हद्दीपासून इतकं जवळ की तिकडच्या मेंढ्या इकडे येऊन चरतात आणि तिकडे जाऊन आमची निंदा करतात. गावात एक चर्च, एक पब, एक खाटीक, आणि चर्चच्या आवारात यू नावाचं एक सदाहरित झाड. झाड इतकं म्हातारं आहे की त्याच्या ढोलीत पाद्रीबुवा आपली सायकल ठेवतात. याच झाडाच्या लाकडाची धनुष्यं करून आमच्या पूर्वजांनी फ्रेंचांना पाणी पाजलं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पुरावा काय, असं विचारणारे लोक असतात. झाड समोर उभं आहे, आणि फ्रेंच कुठे दिसत नाहीत. आणखी काय पुरावा हवा?

समितीची कार्यपद्धती अशी. ऑगस्टअखेरच्या सुट्टीच्या सोमवारी आमच्याकडे धनुष्यदिन असतो. तिकिटाबरोबर पाहुण्याला लाकडी चकत्या मिळतात. प्रत्येक देखाव्याशेजारी सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, दोन रिकामी पिंपं ठेवलेली असतात, एकावर 'अस्सल' लिहिलेलं आणि दुसऱ्यावर 'बनावट'. पाहुण्याने देखावा बघायचा, आपल्या मनाला विचारायचं, आणि चकती टाकायची. संध्याकाळी सिड पॅडक खाटीक आपला काटा घेऊन येतो आणि दोन्ही पिंपं एकामागून एक आकड्याला टांगतो. जे जड भरेल ते सत्य. (चकत्या मोजाव्यात अशी एक सूचना आली होती. मोजताना माणसाची चूक होऊ शकते, म्हणून ती फेटाळण्यात आली.) काटा मुळात मेंढीच्या धडांसाठीचा आहे, पण इतिहासाला आता त्याची सवय झाली आहे.

या पद्धतीने आजवर सिद्ध झालेली काही सत्यं अशी:

धनुर्धर धनुष्य ओढून कितीही वेळ उभा राहू शकतो. (सेनापतीचं भाषण संपेपर्यंत त्याला राहावंच लागतं.)

बाण सोडण्याचा हुकूम 'फायर!' असा असतो. जाळायला काहीही नसलं तरी असतो.

बाण चिलखतातून लोण्यातून सुरी जावी तसा जातो. मग लोक इतकं महागाचं चिलखत घालून लढाईला का जात, हा प्रश्न समितीने विचारार्थ घेतला असून तो पुढच्या बैठकीकडे सोपवला आहे. तो दर बैठकीत पुढच्या बैठकीकडे सोपवला जातो.

धनुष्याची दोरी कधीही उतरवायची नाही. झोपतानासुद्धा.

पकडलेल्या इंग्लिश धनुर्धराच्या उजव्या हाताची दोन बोटं फ्रेंच लोक कापत, म्हणून लढाईनंतर आपले लोक त्यांना दोन बोटं दाखवून चिडवत. हे आमचं सर्वात लाडकं सत्य. शेकडा ब्याण्णव पाहुण्यांनी ते अस्सल ठरवलं. उरलेल्या आठांपैकी पाच वेल्सचे होते आणि तीन शौचालयाच्या रांगेत होते.

समितीच्या अध्यक्षा मिसेस थ्रप. यापूर्वी त्या आमच्या भागातल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनाच्या मुख्य परीक्षक होत्या. कुत्रा समोर आला की तो त्या जातीचा दिसतो का एवढंच त्या बघत. चावतो का, राखण करतो का, असल्या तपशिलात शिरत नसत. हीच निर्मळ दृष्टी त्यांनी इतिहासाला लावली. मी त्यांच्याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण हे त्या वाचणार आहेत.

आता आमच्या एकमेव डोकेदुखीकडे वळतो. तिचं नाव ग्लेनिस प्रॉबर्ट.

ग्लेनिस धनुष्यं बनवते. चर्चच्या फाटकाजवळची जुनी लोहारशाळा गावाच्या मालकीची आहे, आणि ती अस्सल मध्ययुगीन कारागिराला नाममात्र भाड्याने द्यायची असा ठराव आहे. सोळा वर्षं तिथे ग्लेनिस आहे. आवाज असा, की ती दुकानात खाकरली तर पाद्रीबुवांचं प्रवचन अडतं. बाण खोचलेला रुंद कमरपट्टा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि केसांत लाकडाचा भुसा. आपल्याला सगळं येतं असा तिचा दावा आहे आणि तो ती दिवसातून अनेकदा करते. माळ्यावर तिच्या यूच्या फळ्या वर्षानुवर्षं वाळत पडलेल्या असतात. त्यांतली एखादी ती खाली काढते, खरवडते, थोडी वाकवून बघते, पुन्हा खरवडते, पुन्हा वाकवते, आणि कुठे जास्त वाकली तर अशा शिव्या देते की त्यातल्या निम्म्या तरी नक्की मध्ययुगीन असाव्यात.

तिचा दोष एकच. पाहुण्यांनी काही विचारलं की ती खरं उत्तर देते.

"हे पांढरं लाकूड त्या तांबड्या लाकडाला कुठल्या गोंदाने चिकटवता हो?" एकदा बर्मिंगहॅमच्या एका गृहस्थांनी विचारलं.

"मी नाही चिकटवत. झाड चिकटवतं," ग्लेनिस म्हणाली. "सालीखालचं ते पांढरं, गाभ्याचं ते तांबडं. पांढरं ताण सोसतं, तांबडं दाब सोसतं. एकाच फळीत दोन्ही येतं, देवाच्या घरून."

"आमच्याकडे असंच एक टेबल आहे. त्याला गोंद आहे."

"मग टेबलाने मारा बाण!"

गृहस्थ शांतपणे बाहेर गेले आणि त्यांच्याबरोबरच्या सगळ्या कुटुंबाच्या चकत्या 'बनावट'मध्ये पडल्या. अशाने ओळीने दोन वर्षं ग्लेनिसचं दुकान काट्यावर बनावट ठरलं. तिसऱ्यांदा ठरलं तर जागा खाली करायची असा नियम आहे, आणि सुगंधी मेणबत्त्या विकणारी एक बाई त्या जागेचं माप घेऊनही गेली होती.

दुसऱ्या वर्षीचं अपयश तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. प्रात्यक्षिकाच्या पथकात आमचे दंतवैद्य, दोन शिक्षक आणि पबचे मालक अशी मंडळी असतात. त्यांची धनुष्यं हलकी, खेळातली म्हणा ना. ओढून उभं राहून त्यांना गप्पा मारता येतात. ग्लेनिसचं धनुष्य मात्र खऱ्या लढाईच्या मापाचं. ते ओढायचं म्हणजे जातिवंत मेंढा एका हाताने उचलून धरण्यासारखं.

"ओढायचं आणि सोडायचं, मिसेस थ्रप," तिने आधीच सांगितलं होतं. "मध्ये भाषण नसतं."

"मध्ये भाषण असतंच, ग्लेनिस. मी लिहून आणलंय."

पथकाने धनुष्यं ओढली. मिसेस थ्रपनी मान्यवरांचं स्वागत केलं. ग्लेनिसच्या दंडाच्या शिरा तटतटल्या. मिसेस थ्रपनी गावाचा पूर्वेतिहास सांगितला. ग्लेनिस तांबडीलाल झाली. मिसेस थ्रप महिला मंडळाच्या चहाच्या तंबूचे आभार मानायला वळल्या, आणि नेमक्या त्याच वेळी ग्लेनिसचा बाण सुटून त्या तंबूत शिरला आणि चहाच्या बंबातून आरपार गेला. (बंबाला त्यामुळे आणखी दोन नळ फुटले आणि चहाची रांग झटपट सरकली, ही गोष्ट समितीने कृतज्ञतापूर्वक नोंदवली आहे.) कोणाला इजा झाली नाही. मात्र खऱ्या धनुर्धराचा हात असा कापत नसतो, असं पाहुण्यांचं एकमत पडलं.

त्यानंतरच्या बैठकीत मिसेस थ्रपनी तिला समोर बसवून घेतलं. चहा झाला, कस्टर्डच्या बिस्किटांची बशी फिरली.

"ग्लेनिस, तुझ्याविरुद्ध कोणाचं काही नाही," मिसेस थ्रप म्हणाल्या. "पण तू निदान आपल्या झाडाबद्दल तरी चांगलं बोलावंस."

"झाडाबद्दल मी वाईट कधी बोलले? गोड झाड आहे. पण त्याचं धनुष्य होत नाही. सगळं गाठींनी भरलंय, पिळवटलंय. पहिल्याच ओढीला मोडून कपाळात बसेल. चांगलं यू तेव्हा डोंगरांतून यायचं. इटलीतून, स्पेनमधून, जहाजं भरभरून."

बशी फिरायची थांबली.

"म्हणजे," मिसेस थ्रप सावकाश म्हणाल्या, "आपल्या पूर्वजांनी फ्रेंचांना परदेशी मालाने हरवलं?"

"हो."

"हे तू बाहेर कुणाला सांगितलेलं नाहीस ना?"

"रोज सांगते!"

मी सेक्रेटरी असल्याने मला बाजू नसते. पण बैठकीनंतर मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि म्हणालो, "ग्लेनिस, एक दिवस तोंड मिटून बस की बाई. एकच दिवस."

"लेन," ती म्हणाली, "माळ्यावरच्या त्या फळ्या बघितल्यास? त्यातली शेवटची वाळून हाताशी येईपर्यंत मी म्हातारी होणार. तेवढ्यासाठी मला ही जागा हवी. दुसरीकडे कुठे नेऊ मी ते सगळं? बहिणीच्या फ्लॅटमध्ये? पण खोटं बोलून राहायचं तर मग मेणबत्त्याच विकलेल्या काय वाईट?" आणि तिच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. मला फार वाईट वाटलं.

आता शौचालय. वर उल्लेखलेली रांग कमी करण्यासाठी समितीने चर्चच्या भिंतीला लागून नवीन शौचालय बांधायला घेतलं, आणि पायाच्या चरात एक माणूस सापडला. तो बऱ्याच काळापासून तिथे असावा. पोलिसांनी बघून तो आपला नसल्याचं सांगितलं आणि विद्यापीठातून डॉक्टर इमोजेन लाय आल्या. त्यांनी हाडं घासूनपुसून मांडली, दोन आठवडे त्यांच्याशी गुफ्तगू केलं आणि अहवाल दिला. हाडं चौदाव्या-पंधराव्या शतकातली. डावा दंड उजव्याहून जाड. खांद्याचं हाड पोरवयापासून अति ओढ बसून वेगळंच वाढलेलं. पाठीचा कणा एका बाजूला पिळलेला. अतिशय दणकट गडी. डॉक्टर लाय म्हणाल्या, "खात्री अशी कुणीच देत नसतं. पण हा माणूस लहानपणापासून जबरदस्त धनुष्य ओढत होता असं म्हणायला मी तयार आहे."

ग्लेनिस आनंदाने वेडी झाली. सोळा वर्षांत गावात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या बाजूने उभं राहिलं होतं. (आडवं, पण राहिलं होतं.) तिने त्याचं नाव हॉब ठेवलं. आपला दंड त्याच्या दंडाशेजारी धरून ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, "बघा! हे असं होतं खरं धनुष्य ओढून! भाषण ऐकत उभं राहून नाही होत!" पबमध्ये तिने सगळ्यांना सायडर पाजली. पाद्रीबुवांना मिठी मारली. मलाही मारली, माझ्या डाव्या बरगडीत अजून थंडीत दुखतं.

त्याच भरात ती डॉक्टर लाय यांना चर्चच्या दारापाशी घेऊन गेली. तिथल्या दगडात बोटभर खोल चरे आहेत. "आणि इथे," ग्लेनिस दगडावर हात फिरवत म्हणाली, "इथे हॉबने आणि त्याच्या सोबत्यांनी बाणांची टोकं पाजळली. दर रविवारी, प्रार्थनेनंतर."

डॉक्टर लाय यांनी वाकून बघितलं. "असं सगळीकडेच सांगतात खरं. पण त्याला पुरावा काही नाही. विळे-कोयते असतील, पोरांचे उद्योग असतील. बाणाची टोकं इथे घासली तर उलट बोथट व्हायची."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"चालती हो!" ग्लेनिस गरजली आणि हातातली कानस घेऊन त्यांच्या मागे लागली. विद्यापीठाची गाडी इतक्या वेगाने गावाबाहेर पडली की वळणावर मेंढ्यांनी वाट दिली, जी त्या एरवी कोणालाच देत नाहीत. त्या क्षणी ग्लेनिस मला प्रथमच मकल्टनची वाटली. माझा ऊर भरून आला.

डॉक्टर लाय मोठ्या मनाच्या. रीतसर परवानग्या काढून त्यांनी हॉब गावाकडे ठेवायला दिला, फक्त आणून द्यायला स्वतः आल्या नाहीत. समितीने काचेचं एक सुरेख कपाट करवून घेतलं, पितळी पाटीवर 'मध्ययुगीन धनुर्धर' असं कोरलं, आणि दुसरी जागा नसल्याने ते ग्लेनिसच्या दुकानात दर्शनी भागी ठेवलं. त्यामुळे हॉब आणि दुकान मिळून एकच देखावा झाला, आणि दोघांना मिळून दोनच पिंपं.

धनुष्यदिनाच्या आठ दिवस आधीच्या रविवारी आम्ही गावकऱ्यांपुरती तालीम घेतो. प्रार्थना आटोपून लोक रांगेने हॉबपुढून गेले.

"हा? हा धनुर्धर?" सिड खाटीक म्हणाला. "हा तर माझ्या दुकानात कामाला लागावा असा आहे."

"वाकडा आहे हो बिचारा."

"काहीतरी चुकतंय. नक्की काय ते सांगता नाही येत, पण तो जो असतो ना, तसा नाहीये हा."

शेवटी मिसेस थ्रप पुढे झाल्या. त्यांनी कपाटाला एक फेरी घातली, वाकून पाय बघितले, सवयीने दातही बघितले. "खांदे विषम. पाठीला बाक. ठेवण मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "आणि बोटं बघा! दहाच्या दहा!"

"मग?" ग्लेनिसने विचारलं.

"फ्रेंचांनी दोन कापायला हवी होती."

"तो पकडला गेला नसेल!"

"पकडला गेला नाही, म्हणजे लढाईला गेला नाही. लढाईला गेला नाही, म्हणजे धनुर्धर नाही. उगाच कुणाचाही मान आपण कुणालाही देऊ शकत नाही, ग्लेनिस."

तर्कात फट नव्हती. 'बनावट'चं पिंप सिडला एकट्याने उचलवेना. 'अस्सल'च्या पिंपात एक चकती होती आणि ती ग्लेनिसची होती. (दोन होत्या असंही कोणी कोणी म्हणतात. सेक्रेटरीचं मत गुप्त असतं.)

मिसेस थ्रप तशा दुष्ट नाहीत. त्यांनी मार्ग सुचवला. "दोन बोटं काढून ठेवता येतील. तात्पुरती. खांदा तारेने जरा सरळ करू. नीटनेटका झाला की शोभेल तो."

"हात तर लावून बघा त्याला!" ग्लेनिस कपाटासमोर आडवी उभी राहिली.

"मग त्याला इथून हलव तरी. तो इथे असला तर पुढच्या सोमवारी काय होणार हे आजच काट्याने सांगितलंय. तुझी जागा जाईल गं. आम्हाला ते आवडेल का?"

ग्लेनिस तो आठवडाभर कोणाशी बोलली नाही. रात्रंदिवस तिच्या खरवडण्याचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून पाद्रीबुवांना झोप लागेना. रविवारी दुपारी तिने मला बोलावून घेतलं. हॉबकडे न बघता ती म्हणाली, "मी हरले, लेन. याला ठेवला तर मी जाते, आणि मी गेले तर याला कोण सांभाळणार? मेणबत्तीवाली? त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत लव्हेंडरच्या मेणबत्त्या लावेल ती. त्यापेक्षा जाऊ दे त्याला परत."

डॉक्टर लाय यांची फोनवर संमती घेतली. मूळ जागी आता शौचालय होतं, म्हणून यूच्या झाडापलीकडे, जरा उन्हाच्या बाजूला, सिडने आणि मी खड्डा खणला. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली. ग्लेनिसने तागाची एक नवी दोरी स्वतः वळून, मेण लावून आणली होती. तिचं वेटोळं तिने हॉबच्या त्या जाड हाडाच्या हातापाशी ठेवलं.

"कोरडी ठेव रे," ती म्हणाली. "आणि कोणी ओढून उभं राहायला सांगितलं तर ऐकू नकोस."

सिडने नाक शिंकरलं. मला हुंदका आवरेना. ग्लेनिस मात्र आपल्या हाताने माती लोटत राहिली, आणि सगळी लोटून झाल्यावर तिथेच बसून लहान मुलीसारखी रडली. समितीने नंतर तिथे दगड बसवला. त्यावर लिहिलं आहे, 'अज्ञात इसम (धनुर्धर नव्हे)'.

सोमवारी धनुष्यदिन विलक्षण गर्दीत पार पडला. भाषण झालं, 'फायर!' झालं, डुक्कर भाजलं गेलं, दंतवैद्यांनी धनुष्य ओढून धरून एका पाहुणीला अक्कलदाढेबद्दल सल्ला दिला. ग्लेनिस आपल्या दुकानात पाटावर मुकाट बसून होती. कोणी काही विचारलं तरी मान हलवायची. गोंदाबद्दल विचारलं तेव्हासुद्धा तिने मान हलवली, इतकी ती खचली होती. आणि या सगळ्या दुःखात, मान्य करतो, एक गोष्ट आम्हा सगळ्यांच्या नजरेतून सुटली. हॉब गेला, पण कपाट तिथेच होतं. काच लखलखीत, आत छानसा दिवा, खाली पितळी पाटी: 'मध्ययुगीन धनुर्धर'. आणि वर काहीही नाही.

दुपारी मी तिथे डोकावलो तर रांग चर्चला वळसा घालून पबपर्यंत गेलेली.

"किती हुबेहूब!" एक बाई नवऱ्याला सांगत होत्या.

"डोळे बघ, कसे रोखलेत."

"आणि हाताची बोटं! दोन नाहीत, बघितलंस? खरंच कापलेली!"

"हो की! नाहीच आहेत!"

एका फ्रेंच पाहुण्याला हे अपमानास्पद वाटलं आणि त्याने तसं ठणकावून सांगितलं, पण चकती टाकताना त्यानेही ती 'अस्सल'मध्येच टाकली. एक आजोबा काचेसमोर बराच वेळ ताठ उभे राहिले, आणि मग म्हणाले, "लहानपणी मनात होता, अगदी तोच." त्यांचे डोळे भरून आले होते. मी दिवा मालवायला पुढे केलेला हात मागे घेतला.

संध्याकाळी 'अस्सल'च्या पिंपाच्या वजनाने सिडच्या काट्याचा आकडा सरळ झाला. मेंढीच्या नव्हे, बैलाच्या मापाचं सत्य होतं ते. 'बनावट'च्या पिंपात कोणीतरी टाकलेला पेस्ट्रीचा कागद तेवढा निघाला. समितीच्या इतिहासात असा निकाल लागलेला नाही. मिसेस थ्रप हात पसरून दुकानात आल्या. "ग्लेनिस! अखेर जमलं तुला!"

"काय जमलं?" ग्लेनिस उठून उभी राहिली. "अहो मिसेस थ्रप, त्यात काही नाहीये! बघा की! काहीच नाहीये त्यात!"

"तेच तर," मिसेस थ्रप प्रेमाने म्हणाल्या. "आड येणारं काहीच नाही."

जागा ग्लेनिसच्या नावे कायमची झाली. कपाटही कायमचं झालं. ती रोज सकाळी त्याची काच पुसते, कारण करारात तसं कलम आहे, आणि मग त्याच्या मागे बसून खरीखुरी धनुष्यं करते. ती घेणारी माणसं जगात फार थोडी आहेत, पण आहेत. फळ्या वाळताहेत. आवाज परत आला आहे. पाद्रीबुवा पुन्हा झोपू लागले आहेत. रविवारी ती हॉबजवळ जाऊन बसते आणि डॉक्टर लाय यांना खोटं पाडायचं म्हणून त्याच्या दगडावर बाणांची टोकं घासते. टोकं बोथट होतात, ती शिव्या देते आणि पुन्हा घासते. दगडाला आता छान चरे पडले आहेत. ते कुणाच्या काळातले यावर समितीचा ठराव तयार आहे.

राहता राहिले तुम्ही. एवढं सगळं वाचलंत, ग्लेनिसबद्दल हळहळलात, मिसेस थ्रपना हसलात, त्या रिकाम्या काचेपुढे रांग लावणाऱ्यांची तर कीवही केलीत. चांगलं झालं. पण ते कपाट तुम्हीही आत्ताच बघितलंत ना? दिवा, काच, पाटी, आणि आत तो. हिरवे कपडे घातलेला. टोपीत पीस खोचलेला. पाठीवर बाणांचा भाता. उभा सडपातळ, देखणा, जरासा हसरा.

यातला एक शब्दही मी तुम्हाला सांगितला नव्हता. ग्लेनिसचे बाण तर कमरेला आहेत, हे मी आधीच लिहिलं होतं.

तुमची चकती मिळाली. समिती आभारी आहे.